‘कार्यवाही पूर्ण’ असा मेसेज आला, पाणी तिथंच होतं : शहराच्या आरोग्य अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
शहराच्या सार्वजनिक आरोग्याचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी
आणि त्यांच्यासाठी ॲप तयार करणारी मंडळी

विषय : साथीच्या काळात नागरिकांनी वापरायचं ॲप आणि त्यासाठी बंद केलेलं तक्रारींचं रजिस्टर

महोदय / महोदया,
स. न. वि. वि.

गेल्या सोमवारी आमच्या भागातल्या आरोग्य कार्यालयात गेले, तर दारावर नवा कागद चिकटवलेला. ‘ताप, डास, साचलेलं पाणी याबाबतच्या तक्रारी यापुढे फक्त मोबाईल ॲपवर स्वीकारल्या जातील.’ आत टेबलाला दोरीनं बांधलेलं बॉलपेन अजून लटकत होतं, शेजारचं जाड रजिस्टर मात्र गेलं होतं. माझ्या पुढं एक आजी उभ्या होत्या. सुनेला चार दिवस ताप, घराच्या मागं टायरांचा ढीग, त्यात पाणी, एवढंच त्यांना सांगायचं होतं. टेबलावरच्या मुलानं सांगितलं, "आजी, ॲपवर टाका." आजींनी पिशवीतून फोन काढून त्याच्यापुढं धरला. बटणांचा फोन. तो मुलगा उद्धट नव्हता, त्याला वरून आलं होतं तेच तो सांगत होता. आजी परत फिरल्या. मी त्यांना पायरीवर गाठलं, पत्ता विचारला आणि त्यांची तक्रार माझ्या फोनवरून भरली. त्याच संध्याकाळी हे पत्र लिहायला बसले.

मी कोल्हापुरात गंगावेशीजवळ झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान चालवते. उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्ती, पीएफ, परीक्षांचे फॉर्म, सगळं दिवसभर हाताखालून जातं. ओटीपी आणि पासवर्ड यांच्यावरच माझं घर चालतं. हे आधी सांगते, कारण या बाईला नवीन काही नकोच आहे असा आपला समज व्हायला नको. मला ॲप हवंय. पण ते खरं बोलणारं हवंय, आणि ते आलं म्हणून बाकीची दारं बंद झालेली मला मान्य नाहीत.

याला माझ्या घरातलं कारण आहे. मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या लाटेत, माझे सासरे गेले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्या रात्री अकराच्या सुमारास त्यांचा ऑक्सिजन ८६ वर आला. तेव्हा शहरातले रिकामे बेड दाखवणारी यादी मोबाईलवर मिळायची. मी यादी उघडली, तीन ठिकाणी बेड रिकामे दिसत होते. दिरांनी शेजाऱ्यांची ओम्नी काढली. पहिल्या ठिकाणी वॉचमननंच सांगितलं, दुपारपासून एकही बेड नाही. दुसरीकडंही तेच. मामा मागच्या सीटवर माझ्या खांद्यावर डोकं टेकून होते आणि मी दुसऱ्या हातानं यादी पुन्हा पुन्हा उघडत होते. बेड मिळाला तो अडीच वाजता, यादीत नावच नसलेल्या चौथ्या ठिकाणी. नवव्या दिवशी मामा गेले. त्या यादीच्या तळाशी बारीक अक्षरात ‘शेवटची नोंद : सकाळी ९.१०’ असं लिहिलेलं होतं, ते मी दुसऱ्या दिवशी वाचलं. त्या रात्रीचे साडेतीन तास त्या शिळ्या आकड्यांनी खाल्ले. ॲपवर खोटा आकडा असण्यापेक्षा आकडा नसलेला बरा, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्कं आहे.

आता या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीच्या मागं एक इमारत अर्धी बांधून थांबली आहे. तिच्या तळघरात जूनपासून पावसाचं पाणी साठलं. गटाराचं नव्हे, स्वच्छ पाणी, आणि डेंग्यूचा डास अंडी घालतो ते अशाच पाण्यात. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून तर आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करा असं आपलेच लोक घरोघरी सांगत फिरतात. मी त्या तळघराच्या पायऱ्या उतरून स्टीलच्या वाटीत पाणी घेतलं आणि दुकानातल्या ट्यूबखाली धरलं. पाण्याच्या वरच्या थराला शेपटी लावून, डोकं खाली करून बारीक अळ्या लटकत होत्या. वाटीला बोट लावलं की सगळ्या वळवळत तळाला जायच्या आणि थोड्या वेळानं पुन्हा वर यायच्या. मोजायला गेले, तिसाच्या पुढं मोजता येईनात.

मी ॲपवर फोटोसकट तक्रार टाकली. चौथ्या दिवशी मेसेज आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. शेरा : कार्यवाही पूर्ण.’ मी खूश होऊन मागं बघायला गेले. पाणी तिथंच, अळ्या तिथंच. पुन्हा तक्रार केली. या वेळी ‘हे ठिकाण आपल्या विभागाच्या हद्दीत नाही’ असं उत्तर आलं, कारण आमच्या बोळात उंच भिंतींमुळं फोनचं लोकेशन सरकतं आणि नकाशावर आमचं घर भलत्याच पेठेत दिसतं. पत्ता हातानं दुरुस्त करायची सोय ॲपमध्ये नाही. तिसऱ्यांदा टाकली, तेव्हा तक्रार बांधकामाच्या विभागाकडं वर्ग झाली आणि दोन दिवसांनी तिथं बंद झाली. बंद झालेली तक्रार पुन्हा उघडायचं बटण नाही. कुणाशी बोलायचं तर नंबर नाही.

तोवर शेजारच्या काकूंचा नातू तापला. पाचवीत आहे पोरगं. आधी वाटलं, पावसात भिजला असेल. तिसऱ्या दिवशी डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणून रडायला लागला. तपासणीत डेंग्यू निघाला, प्लेटलेट ३८ हजारांवर आल्या. सहा दिवस दवाखान्यात काढून तो घरी आला, आता बरा आहे. त्याच आठवड्यात गल्लीत आणखी दोघं आजारी पडली.

आणि मग एके सकाळी पाठीवर पंप घेतलेले एक दादा आले. त्यांच्या हातात कागदाची यादी होती. त्या यादीत आमची गल्ली दवाखान्याकडून कळलेल्या रुग्णामुळं आली होती. माझ्या तीन तक्रारी त्यांच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. मी त्यांना तळघर दाखवलं. त्यांनी वाटीत पाणी घेऊन बघितलं, औषध टाकलं आणि म्हणाले, "ताई, हे मला महिन्याभरापूर्वी कळलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं." त्या दादांबद्दल माझी कसलीच तक्रार नाही. त्यांच्यापर्यंत माझा निरोप पोचू न देणाऱ्या व्यवस्थेबद्दल आहे.

म्हणून पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार हीच, की प्रत्यक्ष जागेवर जाऊन न बघता तक्रार ‘निकाली’ होते. तक्रारी किती दिवसांत बंद झाल्या, या आकड्यावर तुमच्या कामाची मोजणी होत असणार, एवढं मला दुकानात बसूनही कळतं. पण पाणी हटलं की नाही हे फक्त पाण्याजवळ राहणारा सांगू शकतो, आणि त्याला कुणी विचारतच नाही. आम्ही फोटो पाठवतो, ठिकाण पाठवतो, नाव-नंबर देतो. आमच्याकडून जातं सगळं, आमच्याकडं परत येतो एक ठरलेला मेसेज. दोनदा असं झालं की माणूस तिसऱ्यांदा फोन उचलत नाही. माझ्या दुकानात येणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी ॲप काढून टाकलंय, आणि त्यांना आळशी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

दुसरी तक्रार ‘फक्त ॲपवर’ या शब्दांबद्दल. हा धडा आपण एकदा शिकलेलो आहोत. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना कोरोनाच्या लसीसाठी कोविन पोर्टलवर आधी नोंदणी करून वेळ घेणं सक्तीचं होतं. पोर्टल तेव्हा इंग्रजीत होतं, मराठी आणि इतर भाषा जूनमध्ये आल्या. ज्यांच्याकडं इंटरनेट नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न खुद्द सर्वोच्च न्यायालयानं त्या मे महिन्यात सरकारला विचारला आणि पुढं केंद्रावर जाऊन नोंदणीची वाट खुली झाली. त्या दिवसांत दुकान बंद होतं. मी घराच्या उंबऱ्यात बसून गल्लीतल्यांची नोंदणी करत होते. धुणीभांडी करणाऱ्या ताई, हमाल, सोसायटीचे वॉचमन, त्यांची आधार कार्डं आणि माझा एक फोन. एका नंबरवर चारच जणांची नोंद व्हायची, म्हणून नणंदेचा फोन मागून आणला, मग भाच्याचा. ज्यांना असं कुणी उंबऱ्यात बसून भरून देणारं नव्हतं, त्यांचं काय झालं असेल? डेंग्यूचा डास तर फोन बघून चावत नाही. बॅरल भरून ठेवावं लागतं ते ज्यांच्या घरी नळाला चोवीस तास पाणी नाही त्यांना, आणि स्मार्टफोन नसतो तोही बहुतेक त्यांच्याकडंच. साथ जिथं आधी पोचते, त्याच घरांना तुम्ही नोंदीतून वगळताय.

कोरोनासाठीचं आरोग्य सेतू ॲप २ एप्रिल २०२० ला आलं, तेव्हा साध्या फोनवाल्यांसाठी साधारण महिन्याभरानं १९२१ हा नंबर सुरू झाला होता. मिस्ड कॉल द्यायचा, तिकडून फोन यायचा. देशाच्या पातळीवर जे सुचलं आणि जमलं, ते एका शहरात का जमू नये?

भाषेचं थोडक्यात सांगते. ॲपमधल्या लक्षणांच्या यादीत ‘रेट्रो-ऑर्बिटल पेन’ असं देवनागरीत लिहिलंय. काकूंचा नातू त्यालाच ‘डोळ्यांच्या मागं दुखतंय’ म्हणत होता. आमच्याकडं ताप सांगताना ‘अंगात कसकस आहे’, ‘कणकण आलीय’, ‘अंग मोडून आलंय’ असं म्हणतात. या तिन्हींत फरक आहे आणि तो फरक आशाताईला बरोबर कळतो. ॲपच्या यादीत यातलं एकही नाही. बाई यादी वाचते, तिला आपलं दुखणं त्यात सापडत नाही, आणि ती ‘लक्षणे नाहीत’ वर बोट ठेवून मोकळी होते. मग तुमच्याकडं आकडा येतो की त्या भागात ताप नाही.

आता माहितीच्या विश्वासाबद्दल. २०२० मध्ये आमच्या भागातल्या कोरोनाबाधितांची नावं, पत्ते, मोबाईल नंबर असलेली यादी व्हॉट्सॲपवर फिरली होती. कुठून फुटली ते कधी बाहेर आलं नाही. त्या यादीतल्या एका घराला पंधरा दिवस दूधवाल्यानं दूध घातलं नाही. बरी होऊन आलेली त्यांची मुलगी कामावर गेली, तर तिला दारातून परत पाठवलं. त्याचा परिणाम मी डोळ्यांनी बघितला. पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीत ताप आलेली माणसं ताप लपवायला लागली. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत त्या सप्टेंबरमध्ये मी स्वयंसेवक म्हणून आशाताईंबरोबर फिरले. थर्मामीटर, ऑक्सिमीटर आणि नोंदीसाठी मोबाईल. ऑक्सिमीटरला बोट पुढं करायच्या आधी बायका विचारायच्या, "नाव कुठं जाणार?" मी ‘कुठं जात नाही’ असं सांगायचे, आणि सांगताना माझंच मन मला खात होतं.

तुमचं आजचं ॲप डासांची तक्रार घेण्यासाठी फोनमधले कॉन्टॅक्ट मागतं. कशासाठी? लोकेशन ‘नेहमी चालू’ मागतं. फोटो काढताना एकदा ठिकाण कळलं की पुरे नाही का? माहिती किती दिवस ठेवणार, कोण बघणार, कधी पुसणार, यातलं एक अक्षर मराठीत लिहिलेलं नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये सांगितलंय, २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झालाय. सिंगापूरच्या ट्रेसटुगेदर या कोरोनाच्या ॲपचं उदाहरण आपल्याला माहीत असेल. संपर्क शोधण्यासाठीच माहिती वापरू असं तिथं आधी सांगितलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये सरकारनंच कबूल केलं की गुन्ह्याच्या तपासासाठी पोलिसांनाही ती घेता येते. लोक चिडले आणि घाईनं कायदा करून मर्यादा घालाव्या लागल्या. त्याच सिंगापूरची एक चांगली गोष्टही घ्यावी. स्मार्टफोन नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांनी ॲपचंच काम करणारं, खिशात ठेवायचं छोटं यंत्र वाटलं होतं.

आशाताईंचंही इथंच सांगते, कारण त्या स्वतः पत्र लिहिणार नाहीत. आमच्या भागातली आशाताई एकाच घराची माहिती वहीत लिहिते, मग स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जवर ॲपमध्ये भरते, आणि महिन्याअखेरीस पुन्हा तक्त्यात उतरवते. रेंज नसेल तर भरलेलं सगळं उडतं. रात्री नऊला पोराला जेवायला वाढता वाढता ती दिवसाच्या नोंदी टाकत असते. जून २०२१ मध्ये, कोल्हापुरात रुग्ण कमी व्हायला तयार नव्हते तेव्हा, राज्यभरातल्या आशांना मानधनासाठी संपावर जावं लागलं होतं, ते विसरून चालणार नाही. नागरिकांचा सहभाग म्हणून आपण जे बोलतो त्यातला निम्मा तरी या बायकांच्या पायांवर चालतो.

माझी शेवटची तक्रार आकडे दाबून ठेवण्याबद्दल आहे, आणि इथं मला कोल्हापूरकर म्हणून बोलायचंय.

जुलै उजाडला की आपल्या शहरात लहान पोराला सुद्धा दोन आकडे पाठ असतात. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी माणूस विचारतो, "पाणी किती?" किती बंधारे पाण्याखाली गेले, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हे दर काही तासांनी प्रत्येकाच्या फोनवर येतं. त्यावरून लोक हलतात. चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं घेऊन सोनतळीकडं निघतात, सुतारवाड्यातली घरं सामान बांधतात, आम्ही दुकानातलं झेरॉक्स मशीन माळ्यावर चढवतो. २०१९ ला आणि २०२१ ला ते आकडे आमच्या हातात नसते तर किती माणसं गेली असती, याचा विचार करवत नाही. तेव्हा कुणी म्हणालं नाही की पातळी सांगू नका, लोक घाबरतील. उलट आकडा वेळेवर मिळाल्यामुळंच माणसं शांतपणे हलली. तालमीतली पोरं होड्या घेऊन कुठं जायचं ते त्याच आकड्यांवरून ठरवत होती.

मग आमच्या भागात डेंग्यूचे रुग्ण किती, असं मी विचारल्यावर ‘घबराट पसरेल’ हे उत्तर मला का मिळालं?

तुमचे लोक घरोघरी कंटेनर तपासतात. शंभर घरांत किती घरांमध्ये अळ्या सापडल्या, शंभर घरांमागं किती भांड्यांत सापडल्या, हे आकडे त्यातून निघतात. डासांची ३९ आणि ४३ फुटांची खूण याच आकड्यांतून ठरू शकते. ते दर आठवड्याला कागदावर येतात आणि कागदावरच राहतात. आमच्या पेठेचा आकडा चढतोय हे जुलैच्या पहिल्या आठवड्यात गल्लीला कळलं असतं, तर त्या तळघराचं पाणी उपसायला आम्हाला तुमची वाट बघावी लागली नसती. मंडळाची पोरं मोटर लावून एका संध्याकाळी मोकळी झाली असती. सहभाग मागताय, तर आधी आम्हाला पाणी किती ते सांगा.

हे दुसरीकडं झालंय. लाहोरमध्ये २०११ ला डेंग्यूनं हाहाकार माजवल्यावर तिथल्या प्रशासनानं कर्मचाऱ्यांच्या हातात फोन दिले. काम करण्याआधीचा आणि केल्यानंतरचा, असे दोन फोटो ठिकाणासकट टाकल्याशिवाय काम झालं असं धरायचं नाही. स्पेनमध्ये २०१४ पासून लोक डासांचे फोटो ॲपवर पाठवतात, जाणकार ते तपासून पाठवणाऱ्याला उत्तर देतात. २०१८ मध्ये तिथं एका नागरिकाच्या फोटोमुळंच त्या देशात आधी न सापडलेली डासाची एक जात उघडकीला आली. सिंगापूरमध्ये कुठल्या वस्तीत डेंग्यूचे किती रुग्ण आहेत ते नकाशावर सगळ्यांना दिसतं. यात आपल्याला न परवडणारं काय आहे? फोन आपल्या कर्मचाऱ्यांकडं आहेतच, आकडे निघतातच, उत्तर द्यायला लागतो तो दोन मिनिटांचा वेळ.

तेव्हा माझ्या मागण्या सरळ आहेत.

कार्यालयातलं रजिस्टर उद्याच्या उद्या टेबलावर परत ठेवा आणि त्यात लिहिलेली तक्रार तुमच्या माणसानं ॲपमध्ये चढवावी. आजींनी नव्हे. त्याबरोबर मिस्ड कॉलचा एक नंबर सुरू करा आणि तो रेशन दुकानांवर, अंगणवाड्यांवर, तालमींच्या फळ्यांवर लिहा.

आधीचा आणि नंतरचा फोटो असल्याशिवाय कुठलीही तक्रार बंद करू नका, आणि बंद झाल्यावर तक्रारदाराला विचारा, झालं का? तो ‘नाही’ म्हणाला तर तीच तक्रार, त्याच क्रमांकानं, पुन्हा उघडली पाहिजे. ती दुसऱ्या विभागाची असेल तर तिकडं पोचवायची जबाबदारी तुमची. पत्ता हातानं लिहायची सोय ठेवा.

दर सोमवारी प्रत्येक प्रभागाचे आकडे जाहीर करा. तापाचे रुग्ण, डेंग्यूची खात्री झालेले रुग्ण, तपासलेली घरं, अळ्या सापडलेली घरं, आलेल्या आणि खरोखर सुटलेल्या तक्रारी. नावं नकोत, घर क्रमांक नकोत, नुसते आकडे. प्रत्येक आकड्याखाली तो कधीचा आहे ते मोठ्या अक्षरात लिहा. ही ओळ लिहिताना मला मामांची ती रात्र आठवते, म्हणून पुन्हा लिहिते : मोठ्या अक्षरात.

कॉन्टॅक्ट आणि सततचं लोकेशन मागणं बंद करा. कुठली माहिती, कशासाठी, किती दिवस, कोण बघणार, हे एका पानात साध्या मराठीत छापा आणि मुदत संपल्यावर माहिती पुसल्याचंही जाहीर करा.

ॲपमधली मराठी आशाताईंकडून तपासून घ्या आणि त्या कामाचे त्यांना पैसे द्या. बोलून तक्रार नोंदवायची सोय करा. वही आणि ॲप यातली एकच नोंद ठेवा, आणि ती फोनवर हवी असेल तर रिचार्जचा खर्च कार्यालयानं उचलावा.

आणि पुढचं ॲप करायच्या आधी एकदा आमच्यात येऊन बसा. बचत गटाच्या बायका, तालमीची पोरं, पंपवाले दादा, आशाताई, सगळ्यांना एका खोलीत बोलवा. जागा मिळत नसेल तर आमच्या गल्लीतलं मंडळाचं सभागृह मोकळं करून द्यायची जबाबदारी माझी.

या पत्राला पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं. नाही मिळालं तर हेच प्रश्न मी माहिती अधिकारात एक एक करून विचारीन. तो अर्ज भरून द्यायचं काम मी रोजच करते.

तोपर्यंत मी थांबलेली नाही. मंगळवारपासून दुकानाच्या काउंटरवर दोनशे पानी वही ठेवलीय. नाव लिहायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवायचं. पाणी कुठं आहे आणि ताप किती दिवस आहे, एवढंच विचारते. सहा दिवसांत एकवीस नोंदी झाल्या. पहिली त्या आजींची आहे, टायरांच्या ढिगाची. तिच्यापुढचा ‘काय झालं’ हा रकाना अजून रिकामा आहे.

येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता ही वही आणि तिची एक झेरॉक्स घेऊन मी कार्यालयात येते आहे. झेरॉक्स ठेवून घ्यावी आणि वहीवर आवकचा शिक्का मारून पोच द्यावी, ही विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
गंगावेशीजवळची झेरॉक्स दुकानवाली, कोल्हापूर